धुराला भिऊन चूल विझवायची का?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 48



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की अग्नीसोबत जसा धूर, तसा प्रत्येक आरंभासोबत काही ना काही दोष असतोच; म्हणून वाट्याला आलेलं कर्म सोडू नये. चुलीवरचा स्वयंपाक पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. धूर नको म्हणून चूल पेटवली नाही, तर भातही शिजणार नाही.

कामाच्या ठिकाणी आपण बरेचदा असंच करतो. नवीन जबाबदारी आली की म्हणतो, "नको बा, चुकलं तर?" साहेबांना खरं सांगायची वेळ आली की, "आपल्याला काय करायचं?" आणि या भीतीला समाधान, विरक्ती अशी छान नावं देतो. पण याच अध्यायाच्या आठव्या श्लोकात, त्रासाच्या भीतीनं टाकलेल्या कर्माला राजस त्याग म्हटलंय. त्याचं फळ मिळत नाही.

मग डोळे मिटून उडी घ्यायची का? इथे मला आपल्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध आठवतो. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला असं सांगतात. पाळ घालायची म्हणजे केवढी जोखीम! पाऊस कमी झाला तर मेहनत वाया. जास्त झाला अन् पाळ फुटली तर खालच्या धानाच्या बांध्या वाहून जाणार. म्हणून तर तलावाला सांडवा ठेवतात. जादा पाणी कुठून जाईल, हे आधीच ठरवलेलं असतं.

जोखमीचा धर्म मला इथे सापडतो. स्वतःला विचारावं, बिघडलं तर नुकसान कुणाचं? फक्त माझा मान जाणार असेल, चार लोक हसणार असतील, तर पुढे व्हावं. दुसऱ्याच्या पोटावर येणार असेल, तर आधी त्याला विचारावं, सांडवा काढावा, मगच पाळ घालावी.

एवढं करूनही छाती धडधडेलच. धडधडू द्या. मृगात पऱ्हे टाकणाऱ्या शेतकऱ्याला पाऊस कुठे लिहून देतो? तरी तो टाकतोच. धीर आधी येत नाही, काम करता करता येतो.

आज एवढंच करा. पुढे ढकललेलं एक काम आठवा. भीती स्वतःच्या मानाची आहे की दुसऱ्याच्या नुकसानीची, हे प्रामाणिकपणे तपासा. मानाची असेल तर आजच हात घाला.

हे माधवा, धूर सोसायचं बळ दे, आणि आमच्या चुलीनं शेजाऱ्याचं घर जळू नये एवढी बुद्धी दे.

जय हरि.