वाटीभर पाणी

उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशात कागदाचं एक मोठं गोदाम होतं. हिवाळ्यात तिथला पारा शून्याच्या खाली २० अंशांपर्यंत उतरे. छताखाली आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचे पाइप होते. त्यांत पाणी ठेवलं असतं तर गोठलं असतं, म्हणून दाबाची हवा भरलेली असे. पाणी एका उबदार खोलीत व्हॉल्व्हमागे अडवलेलं असे. आगीच्या झळीने स्प्रिंकलर उघडला, की हवा निसटायची, व्हॉल्व्ह उघडायचा आणि पाणी धावत यायचं.

पण हवेबरोबर ओलही आत शिरे आणि पाइपांच्या सखल जागी साचे. अशा सात जागा होत्या. म्हातारा राखणदार थंडीआधी आणि भर थंडीतही शिडी घेऊन सातही ठिकाणी जायचा. वरची तोटी बंद करायचा, मग खालची उघडून साचलेलं पाणी काढायचा. खालची बंद केल्यावरच वरची पुन्हा उघडायचा.

म्हाताऱ्याने काम सोडलं, त्याच्या जागी एक तरुण आला. त्याने सहा जागा नीट रिकाम्या केल्या. सातवी कोपऱ्यात होती, पुढे गठ्ठ्यांची थप्पी. "तिथून वाटीभर तर पाणी निघतं," असं म्हणून तो परतला.

एका रात्री कडाका पडला. वाटीभर पाण्याचा बर्फ झाला, फुगला आणि पाइपाचा सांधा तडकला. हवा निसटली. व्हॉल्व्हला वाटलं, आग लागली. पाणी धावलं, काही कागदावर सांडलं, उरलेलं पाइपांत गोठलं.

दुरुस्ती होईपर्यंत गोदामाला स्प्रिंकलरचा आधार नव्हता. तरुण रात्र रात्र जागून पहारा देऊ लागला. म्हातारा भेटायला आला. रागावला नाही. रात्रभर त्याच्याबरोबर फिरला आणि पहाटे म्हणाला, "आग रोज येत नाही, बाळा. ओल मात्र रोज येते."

पुढच्या थंडीआधी तरुणाने सर्वांत आधी कोपऱ्यातली थप्पी हलवली.

थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण बचतीसाठी सांगतो. हयगयही तशीच साचते. जे अडीनडीला आपल्याला वाचवणार आहे, त्याची काळजी काही अडलेलं नसतानाच घ्यावी लागते, आणि हात सहज पोचत नाही तिथे आधी.