पिशवीची गाठ सोडण्याआधी

कुर्ल्याच्या बाजारातून आणलेले दोन मॉली मासे अजून पिशवीतच आहेत. गाठ सोडू नका. पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा आणि समोर बसा.

एकाच माशाकडे पाहा. त्याचे कल्ले उघडतात, मिटतात. प्राणवायू आत जातो आणि त्याच वाटेने अमोनिया बाहेर पडतो. माशाच्या शरीरातला बहुतेक अमोनिया कल्ल्यांतूनच जातो. म्हणजे जिथे तो श्वास घेतो, तिथेच त्याचा कचरा विरघळतो. नदीत पाणी अफाट असतं. इथे पिशवीभर आहे. घाई न करता हे एवढंच थोडा वेळ मनात राहू द्या.

प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइडही साठला आहे. त्यामुळे पाण्याचा पीएच उतरला आणि अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियम या सौम्य रूपात राहिला. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल, तर त्यातला विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. गाठ सुटली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तेच पाणी माशाला जाळू लागतं. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडी टाकून तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगली की तापमान जुळतं. मग उघडा, जाळीने मासे लगेच टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मात्र टाकीत जाऊ देऊ नका.

आता डोळे मिटा. मनाने फिल्टरच्या स्पंजात उतरा. तिथे अंधार आहे, पाण्याची संथ ओढ आहे आणि छिद्राछिद्रात जिवाणू चिकटलेले आहेत. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. हे काम दोन टप्प्यांत चालतं, हे सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवलं. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायला बहुधा अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवसही लागतो. म्हणूनच नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. टाकीसोबत त्याच दिवशी मासे विकण्याची पद्धत बंद व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. त्या माशांचा जीव त्यात जातो.

जुन्या टाकीतही जिवाणू असतात ते आधीच्या माशांना पुरतील इतकेच. आज एकदम दहा मासे सोडले, तर स्पंजातली वस्ती मागे पडते. आधी अमोनिया वाढतो, मग नायट्राइट. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त तपकिरी होतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. आणि पाणी? काचेसारखं स्वच्छ दिसत असतं. त्या स्वच्छतेवर विसंबू नका.

डोळे उघडा. आज दोनच मासे आणलेत, ते बरं केलंत. आज खाणं देऊ नका. धडधाकट मोठ्या माशाचं एक-दोन दिवस त्यावाचून काही बिघडत नाही. पुढचा आठवडा रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य यायला हवेत. आकडा वर गेला, तर पाव ते निम्मं पाणी बदला. नळाचं असेल तर क्लोरीन काढून, तापमान जुळवूनच घाला. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात बादलीत हलकेच पिळा, कारण जिवाणूंची ती सगळी वस्ती स्पंजातच राहते.

उरलेले मासे दुकानातच राहू द्या. ते कधी आणायचे, हे टेस्ट किटला ठरवू द्या.