वसई आणि दोन काका

वसईच्या किल्ल्यातून किल्लाबंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. सुटीच्या दिवशी तिथे मुलांना घेऊन आलेली माणसे दिसतात. यांनी हा किल्ला घेतला, एवढे सांगून ती पुढे जातात. मला मात्र त्या पुतळ्यापाशी हटकून दुसराच एक माणूस आठवतो. १७३९ साली अप्पांनी जिवाचे रान करून मिळवलेली ही वसई १७७५ साली ज्यांनी कागदावर सही करून इंग्रजांना देऊ केली, ते रघुनाथराव. अप्पांचे सख्खे पुतणे.

या दोघांना मी एकत्र आठवतो, कारण दोघेही काका होते. अप्पांची गोष्ट आपण वसईच्या विजयाशी थांबवतो आणि तिथेच चुकतो. १६ मे १७३९ ला किल्ला हाती आला. पोर्तुगीज इथे १५३४ पासून, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ होते. वेढा महिनोन्‌महिने चालला, सुरुंगांनी सेबॅस्टियन बुरूज फुटला, माणसे अतोनात गेली. किल्ला मिळत नसेल तर माझे डोके तरी तोफेत घालून आत टाका, असे अप्पा म्हणाल्याचे आमच्याकडे अजून सांगतात. पण त्यांचा मला वाटणारा खरा मोठेपणा पुढच्या वर्षातला आहे. एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला थोरले बाजीराव पेशवे वारले. वसई जिंकलेला, सगळ्या सरदारांना ठाऊक असलेला, कारभारात मुरलेला धाकटा भाऊ समोर होता. बाजीरावांचा मुलगा नानासाहेब जेमतेम विशीत होता. अप्पांनी दावा केला असता तर तो कुणाला हास्यास्पद वाटला नसता. त्यांनी केला नाही. पेशवेपदाची वस्त्रे पुतण्याला मिळाली आणि काका त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अप्पाही गेले. रघुनाथराव तेव्हा सहा वर्षांचे होते. वडील आणि काका, दोघांचे छत्र एका वर्षात हरपलेला तो मुलगा. घरातल्या मोठ्यांकडून त्याने वसईच्या किती गोष्टी ऐकल्या असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

पुढे ‘काका’ या साध्या घरगुती हाकेवर रघुनाथरावांमुळे जो डाग पडला, तो मराठीत आजतागायत पुसला गेलेला नाही. शनिवारवाड्याजवळून जाताना त्यांच्या पुतण्याची, नारायणरावांची, ‘काका, मला वाचवा’ ही किंकाळी कुणालाही आठवते.

तरीही रघुनाथरावांचा दावा पोकळ नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. ते बाजीरावांचे पुत्र होते, १७५८ साली त्यांनी लाहोरपर्यंत फौजा नेल्या होत्या. १७६१ साली पानिपताच्या आघाताने नानासाहेब गेले आणि मसनदीवर त्यांचे सोळा वर्षांचे पुत्र माधवराव आले. पेशवाईला वारसाचा लिहिलेला कायदा नव्हता. वस्त्रे साताऱ्याचे छत्रपती देत, आणि बापामागून मुलगा ही नुसती वहिवाट होती. अशा वेळी घरातल्या अनुभवी पुरुषाच्या मनात काय येते? हक्कदार माणूस आपल्या हक्काला मनातल्या मनात हक्क म्हणत नाही, कर्तव्य म्हणतो. दौलत पोराच्या हाती आहे, मी सावरली नाही तर बुडेल, हे तो स्वतःला इतक्या वेळा सांगतो की ते त्याला खरे वाटू लागते. हे ढोंग नसते. ढोंग असते तर ते सोडणे सोपे गेले असते. १७६२ साली आळेगावला माधवरावांनी स्वतः काकांच्या हाती जाऊन भांडण मिटवले. १७६८ साली धोडपला काका हरले आणि वाड्यात नजरकैदेत राहिले. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला मरणशय्येवर त्याच माधवरावांनी धाकट्या नारायणरावांना काकांच्या स्वाधीन केले. ज्याला कैदेत ठेवले त्याच्यावरच भाऊ सोपवला. विश्वासाची याहून मोठी परीक्षा एखाद्या माणसाची घेता येत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला, दहा महिनेही पुरे व्हायच्या आत, गारद्यांनी नारायणरावांना वाड्यातच मारले.

यापुढची कथा मराठी माणूस नाटक-सिनेमांतून शिकला आहे. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ चे, प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ चा. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ करून ‘ध’ चा ‘मा’ केला आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडले, ही परंपरा घराघरांत आहे. या कथेत मोह एका बाईच्या रूपाने उभा राहतो आणि सदसद्विवेक एका शास्त्र्याच्या रूपाने. मधे उरतो तो दोन्हीकडून ओढला जाणारा, आतून रिकामा माणूस. रामशास्त्र्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण ही वाटणी मला पटत नाही. माणसाचा विवेक दुसऱ्याच्या अंगावर टांगता येत नाही. रघुनाथरावांना स्वतःचा विवेक होता, आणि त्याचा पुरावा पुण्यात शोधण्यापेक्षा वसईत शोधावा असे मला वाटते.

१८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. कायद्याने म्हणा, वहिवाटीने म्हणा, रघुनाथरावांचा दावा त्या दिवशी संपला. त्या बाळाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या बारभाईंच्या फौजा मागे लागलेल्या, स्वतःच्या फौजेचा पगार थकलेला, आनंदीबाई गरोदर, त्यांना धारला ठेवलेले. अशा या माणसापुढे सुरतेच्या इंग्रज कोठीतून मुंबईकर इंग्रजांची मागणी आली: फौज देतो, पैसे आणि साष्टी-वसई द्या. रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई द्यायला साफ नकार दिला. त्याऐवजी गुजरातमधला दुसरा मुलूख देऊ केला.

हा नकार इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या वाक्यात उरकतो. मला तो त्यांच्या सबंध आयुष्यातला सर्वांत बोलका क्षण वाटतो. पुतण्याच्या खुनाचा आळ डोक्यावर, परत जायला घर नाही, खिशात दमडी नाही, आणि तरी हा माणूस म्हणतो, बाकी काय हवे ते मागा, वसई नको. का? नारायणरावांच्या बाबतीत त्यांच्याजवळ स्वतःला सांगण्यासारखे काहीतरी होते. मी फक्त धरायला सांगितले होते, मारायला नाही, असे ते म्हणत राहिले. खरे असो, खोटे असो, त्या शब्दांच्या आडोशाला रात्री झोपता येत होते. वसईच्या बाबतीत असा आडोसाच नव्हता. तिथे ‘ध’ चा ‘मा’ दुसऱ्या कुणी करणार नव्हते. सही स्वतःची, शिक्का स्वतःचा. आणि जो किल्ला द्यायचा तो ज्या काकांनी घेतला, त्यांनी पुतण्याची गादी बळकावली नव्हती, ही आठवणही त्या दगडांबरोबर द्यावी लागणार होती. हे माझे वाचन आहे, त्यांच्या मनात शिरून कुणी पाहिलेले नाही. पण ज्याला नकार देण्यात कसलाच फायदा नव्हता त्याने दिलेला नकार विवेकाखेरीज दुसऱ्या कशातून आला असेल, हे मला उमगत नाही.

तो नकार टिकला नाही. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस मुंबईकरांनी ठाण्याचा किल्ला लढून घेतला, म्हणजे साष्टी विचारल्याविनाच गेली. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. अडीच हजार फौज, तिच्या खर्चाला दरमहा दीड लाख रुपये, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर, आणि साष्टी-वसई कायमची. वसईवर त्या दिवशी पेशव्यांचेच निशाण होते. रघुनाथरावांच्या हाती ना वसई होती ना गादी.

गादीचा हक्क म्हणजे तरी काय असतो? राखण्याचा हक्क. जो म्हणतो दौलत मीच सावरीन, त्याच्या दाव्याला त्या सावरण्यापलीकडे दुसरा आधार नसतो. नकार देत होते तोवर रघुनाथराव हरलेले असले तरी दावेदार होते, कारण राखायचे काय हे त्यांना ठाऊक होते. सही झाली आणि कर्तव्य नावाचा तो शब्द निघून गेला. मग उरली नुसती मसनद, एक गादी आणि लोड. त्यांच्या विवेकाने त्यांना सावध केले नाही असे नाही. त्याने किंमत अगदी चोख सांगितली होती, म्हणून तर ते इतके महिने अडले. किंमत माहीत असूनही मोजली, हे मला अजाणतेपणी केलेल्या पापाहून जड वाटते. आणि त्याच कारणाने या माणसाबद्दल कणवही वाटते. ज्याला काहीच टोचत नाही, तो पहिल्याच दिवशी सही करतो.

गादी आणि विवेक म्हटले की मला अशोकही आठवतो. आमच्याच तालुक्यात सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली भुईगावला नवव्याचा. भाऊबंदांशी लढून अशोक गादीवर आला असे बौद्ध परंपरा सांगते, आणि कलिंगाच्या संहाराचा पश्चात्ताप तर त्याने स्वतःच दगडावर कोरून ठेवला आहे. पश्चात्तापाचा तो लेख आमच्या भागात सापडलेला नाही. आम्हाला मिळालेला आठवा लेख शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचे सांगतो. अशोकाचा विवेक जिंकल्यावर बोलला. साम्राज्य हातात होते, त्यामुळे पश्चात्तापाला बसायला जागा होती. रघुनाथरावांचा विवेक गादी हातात नसताना बोलला, छावणीत, कर्जात. अशा वेळी त्याचे ऐकायचे तर घरी परतायला हवे, आणि त्यांना परतायला घर उरले नव्हते. त्यांची सही यामुळे क्षम्य ठरते असे मी म्हणत नाही. पण विवेकाची कहाणी सांगताना तो कोणत्या घडीला बोलला हे पाहावे लागते.

इकडे वसईत कुणाला काही विचारले गेले नव्हते. पाचूबंदरचे कोळी, वाड्यांतले वाडवळ, भंडारी, सामवेदी, कुपारी, कुणालाही नाही. १७३९ च्या शरणागतीच्या अटींत इथल्या ख्रिस्ती रयतेला तिचा धर्म पाळता येईल, एवढे तरी माणसांविषयी बोलले गेले होते. सुरतेच्या तहात वसई हे एक कलम आहे. त्या तहाचे इंग्रजांनाही समाधान नव्हते. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो अनधिकृत आणि अन्याय्य ठरवून मोडला, १७७६ साली पुरंदरचा तह झाला, मुंबईकरांनी पुन्हा डाव मांडला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना शरण यावे लागले. पण सुरतेच्या कागदाने एकदा उघडलेली वाट बंद झाली नाही. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडार्डने तोफा लावून वसई घेतली. वेढा उठवायला निघालेले मराठी सरदार रामचंद्र गणेश वज्रेश्वरीजवळ दुगाडला लढताना पडले. अप्पांनी वसईसाठी ज्या देवीला नवस केला होता, तिच्याच परिसरात. दुगाडवरून आज वाहने सुसाट जातात. तिथून जाताना त्यांचे नाव मनात घ्यावे असे मला वाटते, कारण वसईसाठी दिलेले ते प्राण एका घरगुती दाव्याचे देणे होते.

१७७५ च्या जानेवारीत, सुरतेच्या तहाला दोन महिने उरले असताना, धारला आनंदीबाईंना मुलगा झाला. आजोबांचे नाव लावून तो पुढे पेशवा झाला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने इंग्रजांशी केलेला वसईचा तह जगभर माहीत आहे. वसईचे नाव इतिहासात त्यालाच जास्त चिकटले. मला मात्र मुलाच्या त्या सहीआधीचा बापाचा नकार आणि त्या नकारानंतरची बापाची सही जास्त महत्त्वाची वाटते.

मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई पेशव्यांना परत मिळाली. साष्टी मिळाली नाही. रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली, कोपरगावी गोदावरीकाठी राहायला मिळाले, आणि ११ डिसेंबर १७८३ ला ते तिथेच वारले. वसई परत आल्याचे त्यांनी ऐकले असणार. ती आली होती सवाई माधवरावांच्या नावे, नारायणरावांच्या लहानग्या मुलाच्या.