राजीनाम्यावरील अंगठा

कुळानें जमीन 'राजीखुशीनें' सोडली असें म्हणतां येण्यास खुशी किती असावी लागते? यवत व आसपासच्या गांवांतील वाचकांपुढें आम्ही हा प्रश्न ठेवितों.

१९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यानें राजीनामा लेखी असावा व मामलेदारानें त्याची खात्री करावी, असें ठरविलें. पुढें १९५६ च्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन नेमला व कसणारें कूळ बहुतेक ठिकाणीं मालक ठरलें. किंमत मात्र त्यानें भरावयाची होती. तथापि मधल्या वर्षांत पुष्कळ कुळांनीं जमिनी सोडल्या. पुण्याच्या गोखले संस्थेचे दांडेकर व खुदानपूर यांनीं १९५७ सालच्या अहवालांत ह्या राजीनाम्यांच्या खरेपणाविषयीं शंका घेतली आहे.

मामलेदारास अंगठा दिसतो. मुलीच्या लग्नांत वाड्यावरून उचललेलें कर्ज व दोन पिढ्यांची भीड त्यास कोठून दिसणार? अशा संमतीस आम्ही संमति म्हणत नाहीं. कोणी विचारील, मालकीणच विधवा असली तर? विधवा, अज्ञान व अपंग मालकांस कायद्यानें निराळी सवड ठेविली होती, व ती योग्यच होती. परंतु आपली अडचण सांगून जमीन मागणें निराळें, आणि न वाचलेल्या कागदावर अंगठा घेणें निराळें.

आज सोलापूर रस्त्यालगतच्या जमिनीस भाव आला आहे. सातबाऱ्यावरील जुन्या कुळाचें नांव काढावयाचें असेल त्यानें कागद कुळाच्या ओटीवर मोठ्यानें वाचावा, रात्रभर त्याच्या घरीं ठेवावा, आणि मग दोघांनीं मिळून तालुक्यास जावें.