विसार

अपुरे पुस्तक विकावे की विकू नये, हा प्रश्न मला कोणत्या ग्रंथात भेटला नाही; तो भेटला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात. शाळेसाठी दोन कपाटे ठरवायची होती. दुकानदार उतारवयाचे सिंधी गृहस्थ. भाव ठरला आणि मी विसाराचे पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजले. परंतु गल्ल्यात न टाकता चिठ्ठीसकट एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात ठेवले. मी सहज विचारले, "शेठ, गल्ला असताना डबा कशाला?"

"सर, कपाट शाळेत उभं राहीपर्यंत हे पैसे तुमचेच. गल्ल्यात पडले की माणूस विसरतो."

बदलापूरला परतताना गाडीत ते वाक्य माझ्या मागे लागले. कारण त्याच आठवड्यात माझ्याही अपुऱ्या मालाचे पैसे मोबाइलवर येत होते आणि ते सरळ गल्ल्यात पडत होते.

स्वतःच स्वतःचे प्रकाशक झालेल्या लेखकांत हल्ली एक रीत रूढ होत आहे. कादंबरीची काही प्रकरणे झाली की ती ई-पुस्तक म्हणून कमी किमतीत विक्रीला ठेवायची. पुढची प्रकरणे लिहून होतील तशी त्याच ग्राहकांना पोचवायची. कागद नाही, छापखाना नाही, पलंगाखाली गठ्ठे नाहीत. किंडलवर मराठी पुस्तकांची सोय २०१६ साली झाली. कॅनडातील लीनपब ही संस्था तर २०१० पासून लिहून होत असलेली पुस्तकेच विकत आली आहे. जाणकार सांगतात की, यात पैसा दुय्यम. खरा लाभ बोलबाल्याचा. लवकर आलेले वाचक अभिप्राय लिहितात, चार जणांना सांगतात, आणि पुस्तक पुरे होते तेव्हा बाजार आधीच तापलेला असतो. मीही सात प्रकरणे साठ रुपयांना ठेवली.

आगाऊ पैसे घेण्यात मुळातच काही पाप आहे, असे मी म्हणत नाही. प्रकाशनपूर्व सवलत आपल्याकडे जुनीच आहे. इंग्लंडात पोपने १७१५ ते १७२० या काळात 'इलियड'चे भाषांतर सहा खंडांत काढले ते वर्गणीदारांच्या बळावर, आणि त्यांची नावे पुस्तकात छापली. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मंडळ स्थापन करून भाग विकले, गावोगाव हिंडून ग्राहक मिळवले. त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. पण तेवीस खंड पुरे झाले, आणि त्या मंडळाचा इतिहासही त्यांनी स्वतः लिहून लोकांपुढे ठेवला. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला लोकांचा विश्वास हेच भांडवल. ते घेऊ नये म्हणणे म्हणजे श्रीमंतांनीच लिहावे असे म्हणणे होय.

प्रश्न घेण्याचा नाही; घेतल्यावर ते काय म्हणून ठेवावे, याचा आहे. २००० साली अमेरिकेतील स्टीफन किंग या खपाऊ कादंबरीकाराने 'द प्लान्ट' ही कादंबरी इंटरनेटवर भागाभागाने देण्यास आरंभ केला. पहिल्या भागाची किंमत एक डॉलर. अट अशी की, उतरवून घेणाऱ्यांपैकी शेकडा पंचाहत्तर लोकांनी पैसे भरले तरच पुढे लिहीन. सहा भागांनंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस, लेखन थांबले. कादंबरी अपुरीच राहिली. अट आधी सांगितली होती. तेव्हा वचनभंग झाला असे कोणी म्हणणार नाही. तरीही ज्याने प्रत्येक भागाचे पैसे इमानाने भरले, त्याच्या हाती काय आले? न भरणाऱ्यांची शिक्षा भरणाऱ्याने भोगली. कायद्याने जे फिटते ते मनाने फिटतेच असे नाही.

यापेक्षा आगाऊ नोंदणीची रीत मला सरळ वाटते. किंडलवर पुस्तक आधी नोंदवता येते. पण वाचकाचे पैसे ते प्रसिद्ध झाल्यावरच कापले जातात. तेथे लेखक फक्त शब्द देतो. अपुरे पुस्तक विकणारा मात्र शब्द देऊन वर दामही घेतो. आणि त्या वाचकाला मनातल्या मनात 'जाहिरातीचे साधन' म्हणतो. विसार देणाऱ्याला आपण साधन समजू लागलो की डबा आणि गल्ला यांतला फरक नाहीसा होतो.

हे मला कसे कळले, ते सांगताना संकोच वाटतो. माझे ग्राहक एकूण एकेचाळीस. रात्री यादी वाचली, तेव्हा त्यांत एकोणीस नावे माझ्याच वर्गातल्या मुलांच्या पालकांची निघाली. मी सर्वांना एकच निरोप पाठवला होता. जबरदस्ती कोणावर केली नव्हती. पण वर्गशिक्षकाच्या निरोपाला नाही म्हणणारा पालक कोठून आणावा? अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या एक बाई शाळेच्या फाटकाशी भेटल्या. म्हणाल्या, "सर, पुस्तक घेतलं हो. वाचायला काही सवड झाली नाही. पण पोराकडं लक्ष असू द्या."

त्या बाईंनी साठ रुपयांत कादंबरी घेतली नव्हती. त्यांनी जे घेतले असे त्यांना वाटत होते, ते माझ्याजवळ विकायला नव्हतेच, आणि नसावे. मी एकोणीस जणांचे अकराशे चाळीस रुपये परत केले. वाटले, मन हलके होईल. दुसऱ्या दिवशी त्याच बाई कामावर जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सर, काही चुकलं का आमचं?" पैसे परत करता येतात, मागण्याने जो धाक उत्पन्न केला, तो परत घेता येत नाही. म्हणून आपल्या हाताखालच्या किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसापुढे विक्रीचा हात पसरू नये, एवढा एक नियम मी त्या दिवसापासून धरला आहे.

राहिलेल्या बावीस जणांची नावे मी एका वहीत लिहिली आणि त्यांचे तेराशे वीस रुपये वेगळ्या खात्यात ठेवले. त्यांतल्या एकाने कळवले, नायिकेला शेवटी घरी परत आणा, पुस्तक जोरात खपेल. विसार देणारा कपाटाचा रंग सांगू शकतो; कादंबरीला तो न्याय लावता येत नाही. मी वाचकाचा देणेकरी आहे, नोकर नाही. मी त्याला शेवट देणे लागतो. त्याच्या मनाजोगता शेवट नव्हे. तो देणे जमलेच नाही तर त्याचे साठ रुपये, आणि न जमल्याची कबुली.

परवा टेम्पोतून कपाटे आली. बाकीचे पैसे घेऊन उल्हासनगरला गेलो, तेव्हा शेठजींनी डबा उघडला, विसाराचे पैसे गल्ल्यात टाकले आणि चिठ्ठी फाडली. माझ्या वहीचे पान अजून फाडता येत नाही. पाच प्रकरणे व्हायची आहेत.