सोडून दिलेला मासा



गेल्या नाताळात आपल्याच गावातला, पण आता अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहणारा एक तरुण भेटायला आला होता. पडवीत चहा घेता घेता त्याने विचारले, "फादर, मासा पकडून परत सोडून दिला, तर त्यात काही वाईट आहे का?" (हे कुमसारात नव्हे, पडवीत विचारले होते. म्हणूनच इथे लिहितो आहे, तेही त्याला विचारून.)

प्रश्नामागची हकिगत अशी. तिकडे सिकाडा नावाचा किडा आहे. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर झाडावर बसून किर्र ओरडतो त्याच कुळातला. पण तिथल्या काही जाती 13 किंवा 17 वर्षे जमिनीखाली मुळांचा रस पिऊन काढतात आणि माती सुमारे 18 अंशांपर्यंत तापली की एकदम वर येतात. एका एकरात 15 लाखांपर्यंत! लाल डोळे, काळे अंग, नारिंगी शिरांचे पंख. ना चावतात, ना नीट पळतात. पक्षी, खारी, मासे खाऊन खाऊन थकतात, तरी हजारो उरतात. तीच त्यांची ढाल. त्याच्या भागातली पिढी 2004 नंतर 2021 मध्ये वर आली होती. पुढची 2038 मध्ये.

हे किडे झाडांवरून नदीत पडतात. एरवी तळाशी चरणारा, सावली दिसली तरी दूर जाणारा कार्प मासा (आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला) त्या काही आठवड्यांत पृष्ठभागावर तोंड उघडून फिरतो. आमच्या तरुणाने रबरी फोम आणि दोरा गळाला बांधून खोटा सिकाडा तयार केला. या पद्धतीत आमिषाला वजन नसते. जाड दोरीच हवेत मागेपुढे झुलवून ते फेकायचे. एरवी वर्षभर सराव करूनही दिवसाला एखाददुसरा मासा लागायचा. जून 2021 मध्ये पोटोमॅक नदीवर त्याने एका दिवसात 31 कार्प पकडले आणि 31 सोडले.

घरी येऊन त्याने हे आजोबांना सांगितले. आजोबांचे सारे आयुष्य बावखलात गांडूळ लावून गळ टाकण्यात गेले. ते एवढेच म्हणाले, "खायचा नव्हता, तर टोचलास कशाला?"

नातवाची बाजू अगदीच पोकळ नाही. आजोबांचे मासे मेले, त्याचे जगले. मग निर्दयी कोण? आणि फसवणूक म्हणाल, तर ती दोघांचीही. गांडुळातही गळच होता. शिवाय खोटे बोलण्याचे पाप शब्द समजणाऱ्याशीच होते. माशाला आपण कसले वचन दिलेले नसते. तो मुद्दा मी सोडून देतो.

वेदनेचा मुद्दा मात्र सोडता येत नाही. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि सौम्य आम्ल टोचून पाहिले. मासे अंग हेलकावू लागले, काहींनी ओठ खड्यांवर घासले, बराच वेळ अन्नाला तोंड लावले नाही. वेदना जाणवायला लागणारा मेंदूचा भागच माशाला नाही, असे जेम्स रोझ या शास्त्रज्ञाने 2002 मध्ये मांडले होते. वाद मिटलेला नाही. पण झुडपामागे हलते आहे ते जनावर की माणूस, याची खात्री नसेल तर शिकारी बंदूक चालवत नाही. शंका असताना केवळ करमणुकीसाठी टोचायचे, हे मला पटत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी अन्नासाठी प्राणी मारणे योग्य मानले. पण प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही तसा वागायला शिकतो, असेही बजावले. म्हणून मी त्याला म्हणालो, "दोन पकड, घरी ने, खा आणि थांब."

तो हसला. "फादर, पोटोमॅकचे पाणी इतके दूषित की तिथला कार्प खाऊ नका, अशी वॉशिंग्टन शहराचीच सूचना आहे. आणि गनपाउडर नदीवर धरणाखालच्या भागात ट्राउट सोडलाच पाहिजे असा नियम आहे."

माझा सल्ला तिथेच अडकला. स्वित्झर्लंडमध्ये उलट: 2008 च्या नियमांनुसार सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडायला मनाई आहे. एका देशात जे कर्तव्य, तो दुसऱ्यात गुन्हा. शिवाय आपली नदी म्हणून तिच्यासाठी भांडणारे अनेकदा हे गळवालेच असतात, हेही खरे.

मग मी त्याला दुसरेच विचारले. पहिला मासा लागला तेव्हा काय वाटले? तो म्हणाला, हात थरथरत होते. आणि एकतिसावा? बराच वेळ तो बोलला नाही. "एकतिसावा आठवत नाही, फादर. मी फक्त मोजत होतो."

सतरा वर्षे अंधारात काढून आलेल्या किड्याची मेजवानी, आणि त्या एका मेजवानीत सावधपणा विसरलेला मासा. आपण तिथे पाहुणे म्हणून गेलो, की हिशेबनीस म्हणून?

2038 मध्ये त्याची मुलगी वीस वर्षांची असेल. तिला नदीवर नेणार आहे, गळ मात्र एकच, काट्याचे टोक घासून बोथट केलेला, असे तो जाताना म्हणाला. आजोबांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "मग नुसते बघायला जा की."