क्षमस्व

जाहिरात लागू पडते ती कशानं? धंदेवाले सांगतात, रंग भडक पाहिजे, अक्षर मोठं पाहिजे, तेच तेच कानावर पडलं पाहिजे. मला हे पटत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतनं फिरून बघा. पाटीवर पाटी. पुस्तकांची, विजेच्या सामानाची, लॉजची. अर्ध्या पाट्या कुणी वाचत नाही. आणि त्याच पेठेत ज्या गल्ल्यांत बाया उभ्या केल्या जातात, तिथं धंद्याची पाटी लागत नाही. परगावचं गिऱ्हाईक बरोबर पोचतं. म्हंजे जाहिरातीचं बळ पाटीत नाही. माणसाच्या डोक्यात जे आधीच कालवून ठेवलेलं असतं, त्याला ती नुसतं बोट लावते.

पेपरातलं 'वधू पाहिजे, वर पाहिजे'चं पान घ्या. तिथं शब्द मोजून पैसे. माणसं उंची, पगार, शिक्षण सगळं काटून-छाटून बसवतात. पण 'जातीची अट नाही' असं लिहून पुढं 'एससी, एसटी क्षमस्व' एवढं वाढवायला हात आखडत नाही. हे कुणासाठी लिहिलं? आपल्यासाठी? आपण कुठं त्यांच्या दारात स्थळ घेऊन उभे होतो? ते लिहिलंय त्यांच्याच माणसांसाठी. पुरोगामी आहोत, पण काळजी करू नका, वेशीच्या आतलेच आहोत, असा तो निरोप. तीन शब्दांत निरोप पोचतो, कारण त्याची जमीन पोथ्या-पुराणांनी दोन हजार वर्षं नांगरून ठेवलीय. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता १९५० साली बंद केली. माजघरात कलम शिरत नाही.

आणि 'क्षमस्व' कशाला? ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागतात. म्हंजे दुखतं हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. न कळून केलेल्या गोष्टीला अज्ञान म्हणता येतं. कळून, पैसे भरून केलेल्या गोष्टीला काय म्हणायचं?

आता उलटी बाजू. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात 'केसरी'नं पैसे घेऊनही छापायला नकार दिला. जाहिरात नुसता व्यापार असती तर पैसे सोडायचं कारण नव्हतं. त्या जाहिरातीत जाळपोळ नव्हती. एक पाक्षिक निघालंय, एवढंच. पण एवढंच तर जड होतं. मुका बोलायला लागला, ही बातमी आपल्या वाचकाला आपल्याच पानावर द्यायची? न छापण्यातच त्या जाहिरातीच्या ताकदीची कबुली आहे.

तेव्हा जाहिराती दोन जातीच्या. एक, डोक्यात आहे तेच खाजवणारी. ती लगेच लागू पडते. दुसरी, डोक्यात नाही ते घालणारी. तिला वेळ लागतो, कधी पिढ्या जातात. याच बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. शिकलेल्या मुलींना तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, मागणी नव्हती. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर, 'ज्ञानोदया'त निबंध लिहून विचारती झाली, की वेद वाचायचा हक्क नाही तर आमचा धर्म तरी कोणता. शाळेची याहून खरी जाहिरात कुठली? वाडा पुढं मोडकळीला आला, दुकानांच्या पाट्यांआड दडला. स्मारकासाठी तो पाडला डिसेंबर २०२३ मध्ये.

म्हणून मी जाहिरातीला एकच विचारतो. ती वाचून कोण मोठा झाला आणि कोण लहान? खपली किती, हा नंतरचा हिशेब.

हा प्रश्न फक्त त्यांनाच विचारून भागणार नाही. आपल्याही वधू-वर मेळाव्यांच्या पुस्तिका उघडा. वर बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो. खाली 'मुलगी गोरी हवी'. कुठं पोटजातही हळूच विचारलेली. दोस्तहो, हे शब्द कुणाच्या छापखान्यातनं आपल्या घरात आले? आणि काळ्या रंगाची आपलीच पोर ते पान वाचते, तेव्हा तिला 'क्षमस्व' कोण म्हणणार?